गव्हात तण माजलंय, आता काय करू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

डिसेंबर लागला की या सदरात एकच विषय चालू होतो. यंदा जुन्नरपासून इंदापूरपर्यंत सगळीकडून पत्रं आलीत, काहींनी फोनवर काढलेले फोटोपण पाठवलेत, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय की कुठलं औषध मारू. माझं म्हणणं असं की आधी मला दोन गोष्टी कळवत जा, रानात तण कुठलं आहे आणि गहू किती दिवसांचा झालाय. हे दोन कळल्याशिवाय औषधाचं नाव सांगणं म्हणजे तुमच्या पैशाशी खेळणं आहे.

प्रश्न: गहू पेरून २३ दिवस झाले, पहिलं पाणी दिलंय. चाकवत, पाथरी, मधूनमधून गाजरगवत असं सगळं उगवलंय. खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. दुकानदाराने मेटसल्फ्युरॉन या तणनाशकाची पुडी दिली आणि म्हणाला युरियात कालवून फेकून द्या, काम होतं. फेकू का? (शिरूर)

दादा, फेकू नका. तुमच्या हातात जी पुडी आहे ती ८ ग्रॅमची असणार, ते २० टक्क्यांचं औषध आणि एवढंसं ते आख्ख्या एका एकराला आहे. आता विचार करा, आठ ग्रॅम पावडर युरियाच्या अर्ध्या गोणीत हाताने कालवून ती सगळीकडे सारखी पडेल का? एका ठिकाणी गहू आखडेल आणि चार पावलांवर चाकवत तसाच हिरवागार डोलत राहील. हे औषध तणाच्या पानावर पडायला हवं, त्यामुळे फवारणीच करायची.

वेळ मात्र तुमची अगदी बरोबर आहे, उलट आता उशीर करू नका. गव्हाला खरी झळ पेरणीनंतर ३० ते ४५ दिवसांत बसते, त्या काळात तण असेल तर फुटवे कमी येतात आणि पुढं कितीही खत टाकलं तरी ते फुटवे परत येत नाहीत. तुमचं १८ ते २१ दिवसांचं, मुकुटमुळं फुटायच्या वेळचं पाणी झालंय. आता वाफसा आला, म्हणजे पाय रुतत नाही पण हातात घेतली तर माती ओली लागते, की २५ ते ३५ दिवसांच्या मधे फवारून घ्या. तण दोन ते चार पानांवर असतानाच ते मरतं, चाकवत एकदा वीतभर झाला की शेंडा वाकडा करून पुन्हा बगलेतून फुटतो. कोरड्या भेगाळलेल्या रानात मारलं तर पैसे वाया जातात कारण ताणावर असलेलं तण औषध नीट ओढतच नाही.

आता मिसळायचं कसं ते नीट सांगतो कारण नव्वद टक्के घोटाळा इथंच होतो, औषधात नाही. एकराला १५० ते २०० लिटर पाणी लागतं. समजा तुमचा पंप १५ लिटरचा आहे आणि एकराला १२ पंप लागतात, तर सहा लिटर पाणी एका बादलीत घ्या, त्यात आख्खी पुडी चांगली ढवळून विरघळवा आणि दर पंपाला अर्धा लिटर मापून ओता, दरवेळी बादली पुन्हा ढवळून. पुडीसोबत चिकटद्रव्याची बाटली आली असेल तर तीपण वापरा, चाकवताच्या पानावर पांढरी भुकटीसारखी लव असते ना, त्यावरून नुसतं पाणी घरंगळून जातं. पुडीतली पावडर चिमटीने पंपात टाकायची पद्धत बंद करा, पहिल्या पंपात जास्त पडते, शेवटच्या पंपाला काही उरत नाही आणि मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

आणि एकराला नक्की किती पंप लागतात हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका, त्याची चाल वेगळी तुमची वेगळी. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आखून घ्या, पंपात नुसतं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने तेवढं फवारा. जेवढं पाणी संपलं त्याला ४० ने गुणा, तो तुमचा एकराचा आकडा. पाच लिटरच्या आत-बाहेर आलं तर ठीक, तीनच लिटर लागलं तर तुम्ही पळताय. नोझल फ्लॅट फॅनचं लावा, कीटकनाशकाचं गोल फवारा मारणारं लावू नका, आणि एचटीपीची (जोराच्या दाबाच्या पंपाची) गन तर तणनाशकाला अजिबात नको. त्याच पट्ट्यावर दोनदा जाऊ नका. सकाळी दव उडालं की वारा सुटायच्या आत उरका, हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, आणि त्या दिवशी लेकरांना रानात नेऊ नका.

प्रश्न: माझ्या गव्हाला लागून चुलत्यांची द्राक्षबाग आहे आणि दुसऱ्या बाजूला टोमॅटो. टू-फोर-डी स्वस्त पडतं म्हणून तेच मारणार आहे. काही अडचण? (नारायणगाव)

अडचण आहे आणि ती मोठी आहे. नारायणगाव पट्ट्यात द्राक्ष आणि टोमॅटोला लागून गव्हाचं रान असेल तर माझं स्पष्ट मत, टू-फोर-डी आणूच नका. रुंद पानाच्या तणावर ते चांगलं काम करतं हे खरं, पण द्राक्षवेल आणि टोमॅटो ही पण रुंद पानाचीच झाडं, औषधाला काय माहीत कुठलं तुमचं तण आणि कुठली चुलत्यांची बाग. त्यातला इथाइल एस्टर प्रकार तर फवारून झाल्यावरसुद्धा उन्हाने वाफ होऊन हवेवर जातो, म्हणजे फवारताना वारा नव्हता हे सांगून उपयोग नाही. द्राक्षाचं नवं पान पंख्यासारखं आक्रसतं, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या समांतर दिसतात, टोमॅटोचा शेंडा दोऱ्यासारखा बारीक होऊन पिळवटतो. डिसेंबरात बाग फुलोऱ्यात किंवा मणी धरायच्या वेळेला असते, तेव्हा असा झटका बसला तर वर्षाचं उत्पन्न जातं आणि भावकीत जे होतं ते औषधाने मिटत नाही.

मेटसल्फ्युरॉनची अशी वाफ होत नाही पण वाऱ्यावर फवारा उडाला तर तेही बागेला इजा करतंच. म्हणून बागेच्या कडेचा आठ-दहा ओळींचा पट्टा खुरपूनच काढा आणि आतल्या भागात वारा बागेकडून तुमच्याकडे येत असेल त्या वेळी, नोझल खाली धरून मारा.

याच पत्रात पुढं विचारलंय की तोच पंप टोमॅटोला चालेल का. नाही चालणार. तणनाशकाला पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल पेंटने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नळीच्या आतल्या बाजूला आणि वायसरला टू-फोर-डी चिकटून राहतं, पाण्याने विसळून जात नाही, धुण्याच्या सोड्याने कितीही वेळा धुतलं तरी टोमॅटोच्या बाबतीत मी तो धोका घेणार नाही.

प्रश्न: गव्हातच गव्हासारखं दिसणारं गवत आलंय, मागच्या वर्षी कोपऱ्यात होतं, यंदा पसरलंय. ओंबी आल्यावरच कळतं की हा गहू नाही. मेटसल्फ्युरॉन मारलं तर त्याला ढिम्म फरक नाही. बियाणं गेल्या वर्षी बाहेरून आणलं होतं. (इंदापूर)

ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोत जी छोटी, गुटगुटीत, दंडगोल ओंबी दिसतेय ती बघून हा गुल्लीदंडा आहे असं मला वाटतं. त्यावर मेटसल्फ्युरॉन चालणार नव्हतंच, ते रुंद पानाच्या तणाचं औषध आहे आणि हे गवत, गव्हाच्या भावकीतलं.

ओंबी येईपर्यंत थांबलात तर त्या वर्षाची लढाई गेली, म्हणून रोप लहान असतानाच ओळखायला शिका, अवघड नाही. गव्हाचं रोप उपटून बघा, पान खोडाला जिथं मिठी मारतं तिथं दोन बारीक, केसाळ कान असतात, नखाएवढेही नाहीत पण डोळ्याजवळ धरलं की दिसतात. गुल्लीदंड्याला ते कान नसतात, तिथं पांढरट पातळ पापुद्रा असतो. आणि बुडखा बोटाने दाबा, बरेचदा तो लालसर-गुलाबी निघतो, गव्हाचा तसा निघत नाही. रानओट असेल तर त्यालाही कान नाहीत, पण त्याची पानं गव्हाच्या उलट दिशेला पिळलेली दिसतात, उभ्याने वरून बघा म्हणजे कळेल. घरातल्या दोन-तीन माणसांना बांधावर बसवून हे एकदा दाखवा, मग खुरपणाऱ्या बायकाच तुम्हाला शोधून देतील, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.

औषध सांगायचं तर क्लोडिनाफॉप १५ टक्के पावडर, एकराला १६० ग्रॅम, पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, गवत दोन-चार पानांवर असताना. रुंद पानाचं तणपण असेल तर क्लोडिनाफॉप आणि मेटसल्फ्युरॉन एकत्र असलेलं तयार मिश्रण मिळतं ते घ्या, पण घरच्या घरी क्लोडिनाफॉपमध्ये टू-फोर-डी ओतू नका, गवत मारायची त्याची ताकद कमी होते. दोन्ही मारायचेच असतील तर मधे आठवडा जाऊ द्या.

दुकानात सल्फोसल्फ्युरॉनपण दाखवतील, एकराला साडेतेरा ग्रॅमवालं, ते गवतावर आणि काही रुंद पानांवर दोन्हीकडे चालतं आणि ऐकायला छान वाटतं. पण तुमच्या इंदापूर-बारामती भागात गहू निघाला की लगेच मुरघासाची मका नाहीतर कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पडतं, आणि हे औषध जमिनीत रेंगाळतं, मका आणि ज्वारी त्याला फार नाजूक आहेत. मका पिवळी पडून बसते आणि दोष बियाणाला जातो. गव्हामागं मका, कडवळ असेल तर सल्फोसल्फ्युरॉन घेऊ नका, एवढं मी ठाम सांगतो.

आणि आता खरं मनापासूनचं. तुमच्याकडं हे अजून एका बाजूला आहे, आख्ख्या रानात नाही. पंजाब-हरियाणात भात-गहू, भात-गहू असं वर्षानुवर्षं चाललं, दरवर्षी तेच आयसोप्रोट्युरॉन मारलं गेलं आणि १९९० च्या दशकात हरियाणात गुल्लीदंडा त्या औषधाला दाद देईनासा झाला, पुढं नवीन औषधांनाही तो सरावत गेला. आपल्याकडं ती वेळ आलेली नाही आणि येऊ द्यायची नसेल तर यंदा जे वाचेल ते बी पडायच्या आत हाताने उपटा, पोत्यात भरून रानाबाहेर न्या, बांधावर टाकू नका. त्या पट्ट्यात पुढच्या रब्बीला गहू नको, कांदा करा, हरभरा करा किंवा लसूणघास करा, घास सारखा कापला जातो त्यामुळं तणाला बी धरायला सवडच मिळत नाही. हार्वेस्टर येणार असेल तर तो तुमच्या रानात शिरायच्या आधी झाडून घ्यायला लावा, ड्रायव्हर कुरकुर करेल तरी लावा, कारण चार तालुके फिरून आलेल्या मशीनच्या कानाकोपऱ्यात सगळ्यांचं बी असतं. बियाणं प्रमाणित घ्या, नाहीतर घरचं घ्या पण चाळून.

प्रश्न: गव्हात दर दहा ओळींनंतर मोहरीची ओळ टाकलीय. मेटसल्फ्युरॉन चालेल? (खेड)

नाही, मोहरी मरेल. हरभरा मधे असला तरी हेच उत्तर. मिश्र पीक घेतलं की कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) आणि खुरपं हाच मार्ग, आणि मोहरीमुळं जो फायदा होतो त्यासाठी तो कष्ट घेण्यासारखा आहे.

प्रश्न: आठ दिवसांपूर्वी तणनाशक मारलं, आता गहूच पिवळा दिसतोय. शेजारी म्हणतो गेला गहू. (दौंड)

घाबरू नका, बहुतेक वेळा तो आठ-पंधरा दिवसांत सावरतो. नवीन पान बघा, ते हिरवं येत असेल तर काळजी नाही, हलकं पाणी आणि नत्राचा राहिलेला हप्ता द्या. पट्ट्यापट्ट्याने पिवळा असेल तर तिथं दोनदा फवारा बसलाय. पण सगळं रान एकसारखं पिवळं असेल आणि नव्या पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा असा प्रकार असेल तर तणनाशकाला दोष देऊ नका, चुनखडीच्या रानात लोह कमी पडतं त्याची ती खूण, एकदा माती तपासून घ्या.

प्रश्न: यंदा लग्नसराईच्या गडबडीत तणनाशक मारायचं राहून गेलं, गहू आता ५५ दिवसांचा आहे, पोटरीत येतोय, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात आहे. अजून मारलं तर चालेल ना? (भोर)

नाही चालणार, कृपा करून मारू नका. टू-फोर-डी उशिरा पडलं की ओंबी पोटरीतून सरळ बाहेर येत नाही, कुसळं आत अडकतात, ओंबी वाकडी होऊन कोंबडीच्या मानेसारखी वळते आणि त्यात दाणे भरत नाहीत. तीस-पस्तीस दिवस ही त्याची वेळ, फार लवकर मारलं तरी असंच नुकसान. आता जे उंच तण दिसतंय, हरणखुरी गव्हाला वेढे घालून वर चढली असेल, ते ओळीतून चालत हाताने काढा. हरणखुरी राहिली तर गहू लोळतो आणि हार्वेस्टरमध्ये वेल गुंडाळते. पुढच्या वर्षी हीच वेल पुन्हा दिसली तर लहान असतानाच कारफेन्ट्राझोन आहे, एकराला २० ग्रॅम, त्याने वरचा पाला जळतो पण मूळ खोल असतं त्यामुळं एका वर्षात ती संपेल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: आम्ही राहतो कोथरूडला, शेती सासवडजवळ, शनिवार-रविवारी जातो. घरच्यापुरता दोन एकर खपली आणि बन्सी गहू करायचाय आणि रसायन अजिबात वापरायचं नाही. जमेल का?

जमेल, आणि दोन एकरासाठी तर मी म्हणेन असंच करा. फक्त काम पेरणीच्या आधी सुरू होतं हे लक्षात घ्या, पेरून झाल्यावर तण बघून धावपळ करायची नाही. ऑक्टोबरात रान तयार करून एक ओलवणीचं पाणी द्या आणि थांबा. आठ-दहा दिवसांत तणाचा पहिला लोंढा उगवून येतो, तो बारीक असतानाच कुळवाची उथळ पाळी घाला, खोल नांगरू नका नाहीतर खालचं बी वर येईल. मग त्या वाफशावर पेरा. एवढ्या एका पाळीने जेवढं तण जातं तेवढं नंतरच्या दोन खुरपण्यांत जात नाही. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते, म्हणजे ओलवणीला सवड मिळते.

पेरणी पाभरीने एकेरीच करा, आडवी-उभी नको, दोन ओळींत २० ते २२ सेंटिमीटर अंतर ठेवलं की सायकल कोळपं आरामात चालतं. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी एक कोळपणी आणि त्यामागोमाग ओळीतलं खुरपून घ्यायचं, दोन आठवड्यांनी लागलं तर परत. एकदा फुटव्यांनी जमीन झाकली की खालच्या तणाला ऊनच मिळत नाही, त्यामुळे नांगे, म्हणजे ओळीत मोकळ्या जागा, पडू देऊ नका, एकराला ४० किलोच्या आसपास बियाणं नीट पडलं पाहिजे. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या, अर्धवट कुजलेल्या खतातून तणाचं बी तुम्ही स्वतःच्या हाताने पेरता. आणि तुमचा वाटेकरी आठवडाभर तिथं असतो, त्याला विचारल्याशिवाय हे ठरवू नका, कोळपं वेळेवर चालवायचं की नाही हे शेवटी त्याच्या हातात आहे. सुधारित बन्सी जात हवी असेल तर पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ४०२८ ची चौकशी करा.

प्रश्न: ऊस तुटल्यावर गहू केलाय, लव्हाळा फार आहे. मेटसल्फ्युरॉन मारून झालं, वरून वाळल्यासारखा वाटला आणि पुन्हा आला. (भिगवण)

लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी एकीला एक माळेसारख्या जोडलेल्या असतात, वरचं पातं गेलं तरी खालची गाठ जिवंत. थंडीत त्याचा जोर तसाही कमी असतो त्यामुळे गव्हात एक खुरपणी करून निभावून न्या. खरं काम एप्रिल-मे महिन्यात, रान नांगरून गाठी उन्हात उघड्या टाका आणि वेचून बाहेर काढा. ग्लायफोसेट उभ्या गव्हात कुणी सुचवलं तर ऐकू नका, ते गव्हालाही सोडत नाही.

प्रश्न: गव्हाच्या बांधावर आणि रस्त्याकडेला गाजरगवत कमरेएवढं झालंय, रानात त्याचंच बी येतं. खुरपणाऱ्या बायकांच्या हाताला खाज सुटते. (हवेली)

हे गवत आपल्याच पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नजरेस आलं आणि इथून देशभर गेलं, त्यामुळे पुणेकरांनी तरी त्याकडे काणाडोळा करू नये असं मला फार वाटतं. फुलं यायच्या आत मुळासकट उपटा, फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकलं तर बी तिथंच पडतं. उपटताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे द्या, मालकाने द्यायचे, बायकांनी स्वतः आणायचे नाहीत. ज्यांना आधीपासून खाज, पुरळ, दम्याचा त्रास आहे त्यांना या कामाला लावूच नका, हा त्रास दरवेळी वाढत जातो. फुलाआधीचं गवत खड्ड्यात शेणकाल्यासोबत थर देऊन कुजवलं तर चांगलं खत होतं. पावसाळ्यात त्यावर पांढरट पाठीवर काळ्या रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर ते मारू नका, मेक्सिकन भुंगे आहेत ते, गाजरगवताचीच पानं खातात.

प्रश्न: गव्हातला चाकवत खुडून भाजी केली तर चालते ना? आई दरवर्षी करते. (मुळशी)

फवारणी केली नसेल तर जरूर करा, ताक घालून केलेली चाकवताची पातळ भाजी म्हणजे थंडीतलं सुख आहे आणि तेवढंच तणही कमी होतं. फवारलेल्या रानातला मात्र खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, मंडईतही नेऊ नका. फवारून आठ दिवस चाकवत हिरवाच दिसतो, त्यामुळे आईला माहीत नसेल तर ती खुडून आणेल. फवारणीच्या दिवशी घरात सगळ्यांना सांगा आणि त्या रानाच्या कोपऱ्यावर एक फडकं बांधून ठेवा.